घास छातीत थांबतो, दुर्बीण मात्र 'नॉर्मल' : पुढे काय?

सायंतारा
नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज नाइलाजाने धागा काढतेय.

वय 34. साधारण दीड वर्षापासून जेवताना घास छातीच्या मधोमध थांबतो. घशात नाही, त्याच्या बराच खाली, हाडाच्या मागे. आधी पाणी प्यायलं की उतरायचा. आता पाणीसुद्धा वरच्या वर तुंबतं. मग उभी राहते, खांदे मागे ओढते, श्वास रोखून जोर लावते, तेव्हा कुठे एकदम खाली जातं. रात्री झोपल्यावर दोन-तीन तासांनी ठसका लागून जाग येते आणि उशी ओली असते. वजन 61 वरून 54 किलोवर आलंय.

ॲसिडिटीच्या गोळ्या आठ महिने घेतल्या, आधी एकवेळ, मग दोनवेळ. काडीचा फरक नाही. दुर्बीण टाकून तपासणी झाली, रिपोर्ट नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. शेवटी 'ताण घेऊ नका' म्हणून पाठवणी झाली. घरच्यांनाही वाटतं की मी मनाला लावून घेतलंय. खरं सांगायचं तर आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

दुर्बीण नॉर्मल असताना अन्ननलिकेचा आजार असू शकतो का? कुणाला असा अनुभव आहे का?

रानपाखरू
सात किलो वजन मनाला लावून घेतल्याने उतरत नाही, ताई. स्वतःवर शंका घेऊ नका. इथे जाणकार आहेत, येतीलच.

कोरा_कागद
मला दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. घशात गोळा असल्यासारखं सतत वाटायचं. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. नोकरी बदलली आणि तीन महिन्यांत गायब. ताण खरंच काय काय करतो हे मी अनुभवलंय, म्हणून ती शक्यता एकदम उडवून लावू नका.

टिपूर_चांदणं
कोरा_कागद, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो वेगळा प्रकार वाटतो. तुम्हाला जेवताना त्रास व्हायचा का? घशात गोळा वाटणाऱ्यांना बहुतेक वेळा दोन जेवणांच्या मधे जास्त जाणवतं आणि जेवायला बसलं की बरं वाटतं. सायंताराचं नेमकं उलट आहे.

सायंतारा, मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण तुमच्या पोस्टमधला जवळजवळ प्रत्येक शब्द मी नऊ वर्षांपूर्वी कुणाला तरी सांगितलेला आहे. खांदे मागे घेऊन उभं राहणंसुद्धा.

मला अकॅलेझिया आहे. अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांब असते. घास गिळला की वरून खाली एक लाट जाते आणि तळाशी, जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडून घासाला वाट देते. या आजारात नलिकेच्या भिंतीतले, झडपेला 'सैल हो' असा निरोप देणारे चेतातंतू हळूहळू नष्ट होतात. झडप घट्टच राहते, लाटही बिघडते. मग अन्न झडपेवर साचतं, आणि वरचा भार पुरेसा वाढला की थोडं थोडं खाली सरकतं. आपण पाण्यावर पाणी पितो, उभं राहतो, ते हा भार वाढवायलाच. कुणी शिकवत नाही, शरीर आपोआप शिकतं.

माझं निदान व्हायला चार वर्षं लागली. त्यातली तीन ॲसिडिटीच्या गोळ्यांवर गेली. छातीत जळजळही व्हायची, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ती जळजळ जठरातल्या आम्लाची नव्हती, नलिकेत तासन्‌तास साचून आंबलेल्या अन्नाची होती, हे फार उशिरा कळलं.

मला पहिल्यांदा कुणी नीट प्रश्न विचारला तो असा: "आधी फक्त घट्ट अन्न अडकायचं आणि मग पातळही अडकू लागलं, की सुरुवातीपासून दोन्ही?" तुम्हीही याचं उत्तर आठवून ठेवा.

सायंतारा
वाचून हात थरथरले. सुरुवातीपासून दोन्ही. पाण्याने घास उतरायचा तेव्हाही पाणी अडखळतच जायचं, उलट गार पाण्याने कधीकधी जास्तच व्हायचं. मी हे सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही, आणि मला वाटलं पाणी अडकतं म्हटलं तर हसतील.

श्वेतपत्र
मी पोटविकारतज्ज्ञ आहे. इथून निदान करता येत नाही, करूही नये. पण वरचा प्रश्न का महत्त्वाचा ते सांगतो.

घट्ट अन्न आधी अडकतं आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी पातळही अडकू लागतं, तेव्हा वाट अरुंद झाल्याची शंका येते: आकसलेला भाग, कडं, गाठ. दोन्ही जवळजवळ एकदमच अडकू लागलं तर वाट मोकळी आहे पण हालचाल बिघडली आहे, अशी शंका येते. दुर्बीण वाट दाखवते. हालचाल ती नीट दाखवू शकत नाही. सुरुवातीच्या काळात अकॅलेझियाच्या रुग्णाची दुर्बीण अगदी नॉर्मल दिसू शकते. त्यामुळे मूळ प्रश्नाचं उत्तर स्पष्ट 'हो' आहे.

तुमच्या रिपोर्टची शेवटची ओळ नको, मधला मजकूर इथे टंकाल का? नाव-गाव वगळून. आणि बायोप्सी घेतली होती का?

आडवाटेचा
जालावर वाचून आजार ठरवायचे आणि मग डॉक्टरांशी वाद घालायचा, हे बरं नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. ताईंच्या डॉक्टरांनी त्यांना प्रत्यक्ष तपासलंय, आपण नाही. माझ्या मेहुणीने असंच वाचून वाचून सहा महिने झोप घालवली होती, शेवटी काहीच निघालं नाही.

टिपूर_चांदणं
आडवाटेचा, तुमची काळजी पटते. पण इथे कुणी आजार ठरवत नाहीये. कुठली तपासणी अजून झालेली नाही आणि डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं राहून गेलं, एवढंच चाललंय. अकॅलेझिया वर्षाला लाखात साधारण एकाला होतो. एखाद्या डॉक्टरच्या अख्ख्या कारकिर्दीत मोजकेच रुग्ण येणार. त्यांच्या मनात आधी ॲसिडिटी येते यात त्यांचाही दोष नाही. म्हणूनच रुग्णाला नीट सांगता यायला हवं.

मधलीसुट्टी
बायोप्सीचा विषय निघालाय म्हणून. माझा मुलगा तेव्हा 16 वर्षांचा होता. त्याला जेवायला पाऊण तास लागायचा. प्रत्येक घास बारीक करायचा, प्रत्येक घासावर पाण्याचा घोट, सगळ्यांच्या शेवटी उठायचा. आम्ही रागवायचो. 'पटपट खा' हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, आठवलं की अजून पोटात तुटतं. एक दिवस घास असा अडकला की लाळही गिळता येईना. रात्री रुग्णालयात दुर्बिणीने काढावा लागला.

त्याला इओसिनोफिलिक इसोफेजायटिस निघाला. अन्ननलिकेचा ॲलर्जीशी जोडलेला जुनाट दाह. लहानपणापासून त्याला दमा आणि त्वचेचा त्रास होता, पण तो धागा कुणी जोडला नव्हता. नलिकेत आडवी कडी आणि उभ्या चिरा दिसल्या. पण डॉक्टर म्हणाले की काही जणांत दुर्बिणीतून सगळं ठीक दिसतं आणि आजार फक्त बायोप्सीत सापडतो. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात 15 किंवा जास्त इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी हा निकष असतो. दाह सगळीकडे सारखा नसतो, ठिपक्याठिपक्यांनी असतो, म्हणून वरच्या आणि खालच्या भागातून मिळून किमान सहा तुकडे घ्यावे लागतात.

तेव्हा ताई, बायोप्सी घेतली नसेल तर 'नॉर्मल' हा शब्द अर्धाच आहे.

कोरा_कागद
टिपूर_चांदणं, तुम्ही विचारलंत म्हणून आठवून पाहिलं. जेवताना मला खरंच काही व्हायचं नाही. माझं वेगळंच होतं. सायंतारा, माझा सल्ला मागे घेतो.

सायंतारा
श्वेतपत्र सर, रिपोर्ट शोधून काढला. इंग्रजीत आहे, मला समजलं तसं मराठीत लिहिते: "अन्ननलिकेचं अस्तर सामान्य. खालच्या भागात थोडा द्रव आणि फेस शिल्लक, ओढून घेतला. झडप बंद, किंचित दाब दिल्यावर दुर्बीण जठरात गेली. जठर सामान्य." आणि खाली ठळक अक्षरात "नॉर्मल". बायोप्सी नाही.

श्वेतपत्र
धन्यवाद. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाच्या अन्ननलिकेत द्रव शिल्लक असायला नको. झडपेशी दाब द्यावा लागणं हे एकटं असतं तर मी फार महत्त्व दिलं नसतं. दोन्ही एकत्र आणि तुमची लक्षणं ही अशी, तर पुढची तपासणी व्हायलाच हवी.

दोन तपासण्या विचारा. पहिली बेरियमची, वेळ लावून घेतलेली: उभ्याने बेरियम (एक्स-रेत पांढरं दिसणारं द्रावण) प्यायचं आणि 1, 2 व 5 मिनिटांनी एक्स-रे. पाच मिनिटांनी नलिकेत किती स्तंभ उरला ते मोजतात. दुसरी हाय-रिझोल्यूशन मॅनोमेट्री, म्हणजे नलिकेच्या आणि झडपेच्या दाबाची मोजणी. निदान पक्कं होतं ते या दुसरीने. पुन्हा दुर्बीण झालीच तर बायोप्सीचाही आग्रह धरा, मधलीसुट्टी यांचा मुद्दा रास्त आहे.

निळी_शाई
मॅनोमेट्रीची भीती वाटत असेल तर माझा अनुभव. नाकातून बारीक नळी घालतात, गुंगी देत नाहीत, कारण जागेपणीचंच गिळणं मोजायचं असतं. नाकात बधिर करणारी जेल लावतात. नळी घशातून जातानाचं एक मिनिट वाईट, डोळ्यांत पाणी येतं. तेवढ्यात एक परिचारिका माझा हात धरून 'गिळा, गिळा, शाब्बास' म्हणत होती, तिला मी कधी विसरणार नाही. नंतर आडवं झोपवून थोडं थोडं पाणी देतात, प्रत्येकी 5 मिली, असे 10 घोट. मग बसवून आणखी काही घोट, आणि एकदा सलग 200 मिली पाणी. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. पडद्यावर रंगीत नकाशा दिसतो.

रानपाखरू
रंगीत नकाशा! म्हणजे घासाचा हवामान अंदाज :)

निळी_शाई
अगदी तसाच, रानपाखरू. लाल म्हणजे जोरदार दाब, निळं म्हणजे शांतता. माझ्या नकाशात वर सगळं निळं आणि तळाशी एक लाल पट्टा, जो गिळल्यावर फिका पडायला हवा होता, तो पडलाच नाही.

शब्दवेल्हाळ
एक निरीक्षण, अवांतर वाटलं तरी लिहितो. माझ्या आईच्या बाबतीत सगळा घोळ 'उलटी' या एका शब्दाने झाला. ती प्रत्येक डॉक्टरला 'जेवल्यावर उलटी होते' असं सांगायची. त्यामुळे सगळे पोटाकडे बघत राहिले. एकाने विचारलं, "मळमळतं का? आंबट-कडू लागतं का?" ती म्हणाली, "नाही हो, घास जसा गेला तसाच वर येतो, चवसुद्धा तीच." उलटी पोटातून येते, मळमळून, जोर लावून. हे नुसतं वाकलं तरी परत येणं. आपण दोन्हींना उलटीच म्हणतो. 'घास परत येतो' असं सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

तसंच 'ॲसिडिटी' या शब्दाचं. जळजळ, दाटणं, ढेकर, छातीत दुखणं, सगळं आपण त्यातच घालतो. डॉक्टरकडे जाताना हा शब्द घरी ठेवून जावा आणि काय होतं तेवढंच सांगावं.

मधलीसुट्टी
शब्दवेल्हाळ, फार नेमकं. +१

जुनी_पानं
मीही थोडं अवांतर करतो, वैद्यकाचा इतिहास हा माझा आवडीचा विषय. हा आजार नवा नाही. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1674 मध्ये याचं वर्णन केलं. त्याचा रुग्ण जेवायचा, नलिका भरायची, आणि सगळं परत यायचं. विलिसने व्हेलच्या लवचिक हाडाच्या टोकाला स्पंज बांधून एक काडी करून दिली. रुग्ण जेवण झालं की ती घशातून खाली घालून अन्न जठरात ढकलायचा. असं तो अनेक वर्षं जगला. आज फुग्याने झडप ताणतात, त्यामागचा विचार बराचसा तोच.

झडपेचा स्नायू कापायची शस्त्रक्रिया अर्न्स्ट हेलर या जर्मन सर्जनने 1913 मध्ये केली, ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. आणि तोंडावाटे दुर्बीण घालून, बाहेर एकही छेद न देता, आतून स्नायू कापायची पोएम ही पद्धत जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी 2008 मध्ये पहिल्यांदा माणसावर केली. 'अकॅलेझिया' हा शब्द ग्रीक आहे, अर्थ 'सैल न पडणं'.

आडवाटेचा
जुनी_पानं, हे आवडलं. जेवणानंतर रोज ती काडी घालणाऱ्या त्या माणसाची जिद्द डोळ्यांसमोरून जात नाही.

उंबरठा
धागा कालपासून वाचतोय. माझे वडील 67 वर्षांचे. तीन महिन्यांपासून घास अडकतो, आता पाणीही. 11 किलो वजन कमी झालंय. बेरियममध्ये खाली नलिका चोचीसारखी निमुळती दिसली. इथे वाचून वाटलं की हेच असणार, म्हणजे घाई नाही, सावकाश मॅनोमेट्री करू. बरोबर ना?

श्वेतपत्र
उंबरठा, नाही. कृपया सावकाश करू नका.

चोचीसारखा आकार अकॅलेझियात दिसतो, पण झडपेजवळची गाठही हुबेहूब तसंच चित्र निर्माण करू शकते. जास्त वय, थोड्या महिन्यांची लक्षणं आणि झपाट्याने घटलेलं वजन, हे तिन्ही एकत्र आलं की आधी कर्करोग नाही ना, हे पाहायचं. याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवा. झडपेची जागा आणि जठराचा वरचा भाग दुर्बिणीने नीट पाहून बायोप्सी, आणि सीटी स्कॅन. गरज वाटली तर दुर्बिणीतून सोनोग्राफी. मॅनोमेट्री त्यानंतर. गाठ नसेलही, तसं झालं तर उत्तमच. पण क्रम हाच.

उंबरठा
उद्या सकाळीच नेतो. सर, तुम्ही लिहिलं नसतं तर पंधरा दिवस काढले असते.

टिपूर_चांदणं
उंबरठा, काय होतं ते कळवा. आम्ही सगळे इथे आहोत.

सायंतारा
पाच आठवड्यांनी परत आलेय, सांगण्यासारखं बरंच आहे. उंबरठा, आधी तुमच्या बाबांचं सांगा, रोज मनात येत होतं.

दोन्ही तपासण्या झाल्या. बेरियमला आई सोबत होती, तिला पडद्यासमोर उभं राहू दिलं. पहिल्या मिनिटाला पांढरा स्तंभ. दुसऱ्या मिनिटाला तेवढाच. पाच मिनिटं झाली तरी खालून नुसती एक बारीक धार. आई दीड वर्ष मला 'डोक्यातून काढून टाक' म्हणत होती. ती पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "अगं, हे खरंच जात नाहीये." बाहेर आल्यावर आम्ही दोघी बाकावर बसून खूप रडलो.

मॅनोमेट्री: अकॅलेझिया, प्रकार 2. झडप सैल पडतानाचा दाब 28, त्या यंत्रासाठी 15 च्या आत हवा. एकार्ट गुण, म्हणजे लक्षणांच्या तीव्रतेचे गुण, काढले: गिळण्याला 3, घास परत येण्याला 2, छातीत दुखण्याला 1, वजनाला 2, एकूण 12 पैकी 8. तीनपेक्षा जास्त म्हणजे आजार सक्रिय. या वेळी दुर्बिणीत बायोप्सीही घेतली, ती स्वच्छ आहे. निळी_शाई, माझा नकाशा तुमच्यासारखा नाही. माझ्यात संपूर्ण नलिका एकदम रंगते, वरपासून खालपर्यंत एकच उभा पट्टा.

ऐकून वाईट वाटायला हवं होतं, पण मला हलकं वाटलं. त्याला नाव आहे.

आता फुगा, हेलर की पोएम, हे ठरवायचंय.

उंबरठा
बाबांना झडपेपाशी गाठ निघाली. उपचार सुरू झालेत. वेळेत आलात असं डॉक्टर म्हणाले. एवढंच लिहू शकतो आज. सायंतारा ताई, तुमचं वाचून बरं वाटलं.

श्वेतपत्र
उंबरठा, वडिलांना सांभाळा आणि स्वतःलाही. काही विचारायचं असेल तर निःसंकोच विचारा.

सायंतारा, प्रकार 2 मध्ये उपचारांना प्रतिसाद सगळ्यात चांगला मिळतो. तिन्ही पर्याय मेलेल्या चेतातंतूंना परत आणत नाहीत, फक्त झडपेचा अडसर काढतात. फुग्याने ताणणं पुन्हापुन्हा करावं लागू शकतं आणि शेकडा एक-दोघांत नलिकेला छिद्र पडण्याचा धोका असतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत दोन वर्षांनी पोएमचं यश 92 टक्के आणि फुग्याचं 54 टक्के होतं. पण पोएमनंतर आम्ल वर येण्याचं प्रमाण जास्त. हेलर करताना जठराचा थोडा भाग नलिकेभोवती गुंडाळतात, त्याने ते कमी राहतं. झडप सैल करायला बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात, पण तुमच्या वयात ते नको, त्याचा परिणाम साधारण वर्षभरात ओसरतो. ज्या केंद्रात जे नियमित होतं तिथे ते करून घेणं, हा माझ्या मते सगळ्यात मोठा निकष.

टिपूर_चांदणं
मी हेलर करून घेतलं, सात वर्षं झाली. आजही घास सावकाश उतरतो, झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवते, झोपण्याआधी तीन तास काही खात नाही. पण रात्री ठसका लागत नाही आणि पाणी हे पाण्यासारखं पिता येतं.

एक महत्त्वाचं. काहीही करायचं ठरलं तरी आधीचे दोन दिवस फक्त पातळ घ्या, मग उपास, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः सांगा की नलिकेत अन्न साचतं. नेहमीचे उपासाचे तास आपल्याला पुरत नाहीत. भूल देताना साचलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. कागदावर लिहिलेलं असेल असं समजू नका, तोंडाने सांगा.

सायंतारा
सांगेन. पोएम ठरतंय, पुढच्या महिन्यात. आईने कागदावर लिहून घेतलंय: 'दोन दिवस पातळ. भूलवाल्या डॉक्टरांना सांगणे.' तो कागद तिच्या पर्समध्ये आहे.